संकटावर मात करायचे सल्ले: कुणाला खरंच उपयोग झालाय का?

खतावणी | सोमवार, रात्री १०:४२
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा, वय ४७. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात एकवीस वर्षं हिशोब लिहिले. दिवाळीनंतर कारखाना बंद झाला. म्हणजे 'बंद' असं कुणी सांगितलं नाही. आधी दोन पाळ्यांची एक झाली, मग सूत येईना, मग मालक फोन उचलेना.

पाहुण्यांत हे कळल्यापासून सल्ल्यांचा पाऊस पडतोय. साडूंनी पुस्तक दिलं, मुखपृष्ठावर वादळात उडणारा गरुड. भाचा रोज सकाळी एक व्हिडिओ पाठवतो. मागच्या रविवारी ४९९ रुपयांचं तिकीट काढून एका व्याख्यानालाही जाऊन आलो (तिकीट मेहुण्याने काढलं). संकट म्हणजे संधी, हे वक्त्याने तीन तास सांगितलं. मध्येच सगळ्यांना उभं करून शेजारच्याला मिठी मारायला लावली. माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते. ते म्हणाले, "राहू द्या ओ, गुडघे दुखतात." त्या तीन तासांत पटलेलं तेवढंच एक वाक्य.

चेष्टा म्हणून विचारत नाहीये. तुमच्या पडत्या काळात असलं पुस्तक, व्हिडिओ, भाषण यांनी नेमकं काय झालं? 'बरं वाटलं' एवढ्यावर थांबू नका. सोमवारी सकाळी उठून तुम्ही काय वेगळं केलंत, ते सांगा.

का_बे | सोमवार, रात्री १०:५१
४९९ मध्ये मिठी? लई महाग पडली बे. गड्ड्याच्या जत्रेत दहा मिनिटं उभा राहा, धक्क्यात पन्नास जण फुकट मारतात.

सध्या_हिंजवडी | सोमवार, रात्री ११:०५
पहिला! (दुसरा.)
आमच्या कंपनीत दर तिमाहीला 'रेझिलियन्स'चं (संकटात तग धरायचं) सेशन होतं. गेल्या वेळच्या सेशननंतर पंधरा दिवसांत अकरा जणांना घरी पाठवलं. सेशन घेणारी बाई त्या अकरांत होती.

का_बे | सोमवार, रात्री ११:०९
आम्हाला कशाला रेझिलियन्स शिकवता? आमच्या नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं, ते पण पहाटे तीनला. सोलापूरचं लहान पोरगंही त्यात पीएचडी हाय.

मालदांडी | मंगळवार, सकाळी ६:३०
खतावणी, तुम्ही सोमवारचं विचारलंय म्हणून सांगतो.

मी मंगळवेढ्याकडचा. ज्वारी, थोडं डाळिंब. तेल्या रोगाने डाळिंबाची बाग गेली तेव्हा सोसायटीचं कर्ज होतं आणि शिवाय एकाकडून हातउसने घेतलेले होते. अडीच महिने मी घराबाहेर पडलो नाही. गावात कुणी भेटलं तर बागेचं विचारणार, म्हणून. तालुक्याच्या एसटी स्टँडवरून मुलाने तीस रुपयांचं एक पातळ पुस्तक आणलं होतं. लेखकाचं नाव आठवत नाही, छपाई इतकी वाईट की शाई बोटाला लागायची. त्यात एक गोष्ट होती: काहीच करावंसं वाटत नसेल तर मन तयार व्हायची वाट बघू नका, दहा मिनिटांचं एक काम हाताने करा. मी उठलो आणि बैलाच्या गोठ्यातलं शेण काढलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी बांधावर गेलो.

कर्ज त्याने फिटलं नाही. बाग पण परत आली नाही, तिथे आता ज्वारी आहे. पण मी उठलो ते त्या तीस रुपयांनी. त्यामुळे सगळंच थोतांड म्हणवत नाही मला.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ८:१२
मालदांडी, तुम्ही मंगळवेढ्याचे, म्हणून तुमच्याच गावची गोष्ट. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरायला लागली. दामाजीपंतांच्या ताब्यात बिदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार होतं. पंतांनी ते उघडून वाटून टाकलं. पुढे विठू महाराच्या रूपाने पांडुरंगाने पैसे भरले, ही श्रद्धेची गोष्ट; मानायची त्याने मानावी. माझा मुद्दा त्याच्या आधीचा आहे. पंतांनी उपाशी माणसांना ओळीत बसवून 'भूक ही मनाची अवस्था आहे' असं सांगितलं नाही.

७२च्या दुष्काळात माझी आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची, ती आम्ही शाळेत खिशात भरून न्यायचो. त्या कामांतूनच पुढे १९७७ला रोजगार हमीचा कायदा झाला. आजीला कुणी विचारलं असतं की 'तू संकटावर मात कशी केलीस', तर तिने हातोडी दाखवली असती.

का_बे | मंगळवार, सकाळी ८:३०
मास्तर, 'तिने हातोडी दाखवली असती' हे वाक्य स्टेजवर चालतंय. ४९९ काढा.

उंच_भरारी | मंगळवार, सकाळी ९:४५
सर्वांना सुप्रभात! खूप छान विषय. पण मित्रांनो, इथे बहुतेकांचा माइंडसेट नकारात्मक दिसतो. परिस्थिती कुणालाच हरवत नाही, आपण स्वतःच हरतो! ९९ टक्के लोक तक्रार करतात, १ टक्का कृती करतात. तुम्ही कोण? येत्या रविवारी जुळे सोलापुरात आमची कार्यशाळा आहे, पहिल्या पन्नास जणांना सवलत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सध्या_हिंजवडी | मंगळवार, सकाळी ९:५०
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

व्यवस्थापक | मंगळवार, सकाळी १०:२०
उंच_भरारी, जाहिरातीसाठी वेगळा विभाग आहे. प्रतिसाद ठेवतोय, फक्त फोन नंबर काढलाय.

पद्मा_पूर्वभाग | मंगळवार, दुपारी १:१५
भरारी सर, तो एक टक्का नेमका कुठे राहतो हो? मला बघायचाय.

माझी अम्मा विड्या वळायची. मांडीवर सूप, हातात कातर, शेजारी भिजवलेली पानं. दिवसाला हजार विड्यांचा हिशोब. कंपनीच्या ब्रँचमध्ये द्यायला गेलं की छाट काढणार, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला टाकणार. का काढली ते विचारायचं नाही. आम्ही चौघं भावंडं एका खोलीत. अम्मासारखी कृती करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पहाटे पाच ते रात्री दहा ती कृतीच करत होती! तीस वर्षं कृती करूनही ती त्याच खोलीत होती.

आम्ही तिथून बाहेर पडलो ते कुंभारीच्या गोदूताई परुळेकर नगरमुळे. २००६ला विडी कामगार बायकांना दहा हजार घरं मिळाली, त्यातलं एक अम्माचं. स्वतःची चावी हातात आल्यावर ती पहिल्यांदा दुपारी झोपली. मी तेव्हा बारावीला होते, मला वेगळी खोली मिळाली, अभ्यास झाला, आज बँकेत आहे. आता कुणी मला 'प्रतिकूल परिस्थितीवर मात केलेली मुलगी' म्हणून सत्काराला बोलावलं की मी जात नाही. मात कुणी केली? घराने केली.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी १:४०
+१. सहमत.

मालदांडी | मंगळवार, रात्री ८:०५
पद्माताई, पटलं. पण एक विचारू? त्या घरांसाठी बायका किती वर्षं मोर्च्यात चालल्या? उन्हातान्हात, मजुरी बुडवून. त्या वेळी कुणीतरी त्यांच्या मनात 'होईल' हे भरवलंच असेल ना. नुसत्या अर्जाने दहा हजार घरं मिळाली असती का?

पद्मा_पूर्वभाग | मंगळवार, रात्री ९:२०
हो, भरवलं. कामगार नेते आडम मास्तरांची भाषणं मी लहानपणी अम्माच्या कडेवरून ऐकलीत, अर्धी तेलुगूत. पण त्यात 'तू बदल' असं कधी नव्हतं. 'तुम्ही सगळ्या या' असं होतं. तिकीट नव्हतं. आणि भाषण संपल्यावर बोलणारा गाडीत बसून पुण्याला जात नव्हता, दुसऱ्या दिवशी गल्लीतच दिसायचा.

मालदांडी अण्णा, तुमचं शेणाचं मात्र मला आवडलं. खरंच.

ओपीडी_तिसरा_मजला | मंगळवार, रात्री ११:३०
मी मानसोपचार विभागात परिचारिका आहे. ड्यूटी संपली, थोडं सविस्तर लिहिते.

धाग्यात दोन वेगळे सल्ले एकत्र झालेत. मालदांडींनी सांगितलेला 'दहा मिनिटांचं काम' हा साधासुधा सल्ला नाही. नैराश्यात उपचार म्हणून आम्ही जे करायला सांगतो त्याचा तो गाभा आहे. मन लागलं की काम करू, असं न म्हणता कामामागून मन येऊ द्यायचं. त्यांच्या पुस्तकाच्या लेखकाने तो कुठून उचलला कोण जाणे, पण तो चालतो.

दुसरा प्रकार आरशासमोर उभं राहून 'मी जिंकणार, मी समर्थ आहे' म्हणण्याचा. यावर कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोॲन वुड यांनी प्रयोग केले, २००९ला छापून आले. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' हे वाक्य लोकांना मनात घोळवायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं त्यांना किंचित आणखी बरं वाटलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत वाईट होतं त्यांना मात्र वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज आहे त्यालाच हे औषध बाधतं. ओपीडीत मी हे रोज बघते. पोरगं येतं, म्हणतं, "सिस्टर, रोज म्हणतो, तरी होत नाही, म्हणजे माझ्यातच खोट आहे." आधी एक दुखणं होतं, सल्ल्याने दुसरं दिलं.

तिसरी गोष्ट आपल्या ऊसपट्ट्यासाठी. तामिळनाडूत ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना ऊस तुटण्याआधी आणि पैसे हातात आल्यावर अशा दोन वेळा बुद्धीच्या चाचण्या दिल्या होत्या. २०१३ला 'सायन्स' मासिकात ते आलं. माणूस तोच, पण तंगीत कमी गुण, पैसे आल्यावर जास्त. त्याचा आळस किंवा माइंडसेट बदललेला नव्हता. पैशाची काळजी डोक्यातली जागा खाते, एवढंच. म्हणून आमच्याकडे तंगीतल्या माणसाला मी एवढंच सांगते: या महिन्यात मोठा निर्णय एकट्याने आणि तोंडी घेऊ नका. कागदावर मांडा, दुसऱ्याला दाखवा.

आणि खतावणी, विचारते, राग मानू नका. झोप लागते का? जीव नकोसा होणं वगैरे काही मनात येत असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. हे इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठीच.

हुलगा | बुधवार, सकाळी ७:५५
माहितीपूर्ण. वाचनखूण साठवली.

माझे दोन पैसे: दुसऱ्या महायुद्धात परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं जिथे जास्त, तिथे पत्रा जाड करावा असं ठरत होतं. अब्राहम वाल्ड नावाच्या गणितज्ञाने दाखवून दिलं की ही तर परत आलेली विमानं आहेत. जिथे यांना भोकं नाहीत तिथे लागलेली विमानं परतलीच नाहीत. यशाच्या भाषणांचंही तसंच, परत आलेलेच बोलतात. माझे वडील मिलमध्ये होते. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली. भोंगा थांबला त्या आठवड्यात वडिलांना वेळच कळेना, दुपारी तीनला जेवायला मागायचे. त्यांच्या खात्यातल्या एकाने पुढे टॉवेलचा कारखाना काढला. त्याला आता भाषणाला बोलावतात. बाकीच्यांनी रिक्षा घेतली, वॉचमनकी केली, काहींनी दारू जवळ केली. जिद्द सगळ्यांकडे होती. कारखाना काढणाऱ्याच्या सासऱ्याकडे चार एकर होती. हे भाषणात येत नाही.

का_बे | बुधवार, सकाळी ८:१०
सासरा शोधा, यशस्वी व्हा. भाग पहिला.

शेंगाचटणी | बुधवार, दुपारी ३:३०
सगळे पुरुष (आणि पद्माताई, सिस्टर) लई हुशारीचं लिहिताय. आता माझं ऐका.

मिस्टर गेले तेव्हा मुलगी चार वर्षांची. सासरचे चांगले, पण रात्री दहाला सगळे झोपतात. मी अडीचपर्यंत जागी. त्या वेळी कुणाला फोन करायचा? तेव्हा मला हे नंबरबिंबर माहीत नव्हते. मोबाइलचा आवाज बारीक करून एका बाईचे व्हिडिओ ऐकायची. ती काय सांगायची विचाराल तर आज एक वाक्य आठवत नाही! पण अडीच वाजता कुणीतरी माझ्याशी न चिडता, न रडता बोलत होतं. दिवसभर जो भेटेल तो एकतर रडायचा नाहीतर 'आता तुलाच खंबीर व्हायचंय' म्हणायचा. ती बाई निदान खंबीर व्हायचं काम मला उद्यापासून देत होती, आत्ता झोप म्हणायची.

पुढे बचत गटातून कडक भाकरीचं काम धरलं. पहिल्या खेपेला भाकरी नीट वाळल्या नव्हत्या, पुण्याला पोचेपर्यंत बुरा. ऐंशी भाकरी. तिथे व्हिडिओ कामाला आला नाही, शेजारच्या म्हातारीने सांगितलं की तव्यावरून काढल्यावर निखाऱ्याशेजारी उभी करून ठेव, कापडावर ढीग घालू नको. म्हणून मी म्हणते, दोन्ही लागतं. अडीचला व्हिडिओ, सकाळी म्हातारी.

सध्या_हिंजवडी | बुधवार, दुपारी ३:४१
ताई, हिंजवडीत पाठवता का कडक भाकरी? चटणी उखळातली की मिक्सरची?

शेंगाचटणी | बुधवार, दुपारी ३:४४
मिक्सरची विचारलंत म्हणून तुम्हाला दहा रुपये जास्त.

निवृत्त_मास्तर | बुधवार, दुपारी ४:१०
अवांतर: चटणी कुटताना लसूण आधी की दाणे आधी यावर आमच्या घरात १९८८ पासून वाद आहे.

(यापुढचे चोवीस प्रतिसाद चटणीच्या धाग्यात हलवले आहेत. — व्यवस्थापक)

बाळीवेस | गुरुवार, सकाळी ९:००
गड्ड्याच्या दिवसांत हा धागा आलाय तर सांगतो. आमच्या घरात सिद्धेश्वराच्या मिरवणुकीतला नंदीध्वज, म्हणजे ती उंच काठी, पेलायची परंपरा आहे. लोकांना अक्षतेच्या दिवशी काठी पेलणारा दिसतो, फोटो त्याचा. पण त्याच्या पुढेमागे हात वर करून चालणारी माणसं बघा. काठी कलली की ते धरतात. सरावाच्या वेळी तर मी तीनदा कलवली होती. पडू दिली नाही कुणी. एकट्याने पेलतो असं म्हणणाऱ्याने कधी पेललेली नसते.

का_बे | गुरुवार, सकाळी ९:०४
झालं! हा पण वक्ता झाला. ४९९ + जीएसटी.

बाळीवेस | गुरुवार, सकाळी ९:०६
अरे खरं तेच सांगलालो बे.

का_बे | गुरुवार, सकाळी ९:०७
ते पण तेच म्हणतात.

उंच_भरारी | गुरुवार, दुपारी १२:३०
जाहिरात न करता लिहितो. मी पूर्वी विमा विकायचो. लॉकडाऊनमध्ये ते बंद पडल्यावर हे काम धरलं. मला जे शिकवलं तेच मी बोलतो. पद्मा मॅडम, 'तो एक टक्का कुठे राहतो' हे वाचून दोन दिवस डोक्यात आहे. आकडा मला माझ्या ट्रेनरने दिला होता. कुठून आला, मी कधी विचारलं नाही.

पद्मा_पूर्वभाग | गुरुवार, दुपारी १:०२
हे लिहिलंत, आवडलं. रविवारी कार्यशाळेत तेवढा आकडा नका सांगू.

खतावणी | गुरुवार, रात्री ११:१५
सगळ्यांचं वाचतोय. सिस्टरांनी विचारलं म्हणून, आणि आता राहवत नाही म्हणून लिहितो. सुरुवातीला एक गोष्ट लपवली होती.

कारखाना बंद झाल्यावर एकोणीस दिवस मी घरी सांगितलंच नव्हतं. साडेआठला डबा घेऊन निघायचो आणि कंबर तलावावर जाऊन बसायचो. बाराला डबा खायचो. निम्मी भाकरी कुत्र्यांना. पाचपर्यंत बसून परत. एका दिवशी तिथेच ते गरुडाचं पुस्तक उघडलं. (साडूंनी ते आधीच वाढदिवसाला दिलं होतं, त्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं.) त्यात एका प्रकरणाच्या शेवटी रिकाम्या ओळी होत्या, 'तुमचं संकट इथे लिहा'. दहा ओळी. एकवीस वर्षं दुसऱ्याचे हिशोब लिहिले, म्हणून सवयीने नावं-जमा मांडायला लागलो. मालकाकडून तीन महिन्यांचा पगार येणे, सोसायटीचे हप्ते देणे, मुलीची फी, पीएफ, हिचे दागिने. दहा ओळी पुरल्या नाहीत, समासात गेलो. एकूण आकडा आला तेव्हा तो मी रात्री मनात धरत होतो त्याच्या निम्मादेखील नव्हता. मोठा आहेच. पण निम्मा.

ते पान फाडून घरी नेलं आणि हिच्यापुढे ठेवलं. ही म्हणाली, "मला अकराव्या दिवशीच कळलं होतं." कसं विचारलं. तर म्हणाली, "शर्टाला कापसाची लव लागलेली नसायची. एकवीस वर्षं तीच झटकून धुतेय मी."

आठ दिवस ती तसाच डबा भरून देत होती. मी सांगायची वाट बघत.

तेव्हा माझ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर: गरुडाने काही केलं नाही, रिकाम्या ओळींनी केलं. सध्या दोन छोट्या दुकानांचे जीएसटीचे हिशोब मिळालेत. झोप चार तास लागते. पगाराचं कामगार कार्यालयात लिहून दिलंय.

ओपीडी_तिसरा_मजला | गुरुवार, रात्री ११:४०
चार तास कमी आहेत. पुढच्या आठवड्यातही तेवढीच असली तर येऊन जा, खरंच.
लिहिण्याचं म्हणाल तर १९८६ला पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातला वाईट अनुभव लिहायला लावला होता. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. फरक फार मोठा नसतो, पण असतो. नावं-जमा मात्र तुमची भर.

शेंगाचटणी | शुक्रवार, सकाळी ६:५०
वहिनींना माझा नमस्कार सांगा. आणि माझ्या गटाचे हिशोब दोन वर्षं वहीत पडलेत, व्यनि केलाय. पैसे देणार, फुकट नाही.

मालदांडी | शुक्रवार, सकाळी ७:१५
आठ दिवस डबा भरून दिला. यापुढे मी काही लिहीत नाही.

का_बे | शुक्रवार, रात्री १:५०
खतावणी, ते पुस्तक वाचून झालं असेल तर दे की बे मला.
माझे चार माग हाईत अशोक चौकात. होते म्हणायचं. दोन भंगारात गेले, दोन महिन्याभरापासून उभे. खटखट थांबल्यापासून झोप येईना झालीय. घरी अजून सांगितलं नाही.

खतावणी | शुक्रवार, रात्री १:५८
जागाच आहे. पुस्तक आणतो, ते पान फाटलेलं आहे. कोरी वही पण आणतो. सकाळी आठला सात रस्त्याला ये.

का_बे | शुक्रवार, रात्री २:०१
नऊ कर. आज पाण्याची पाळी हाय.